डायल दीडवर होता

१

"आत्या, माझ्या हातून चूक झालेली नाही," असं म्हणून ढब्बीने पत्र टेबलावर ठेवलं आणि बूटही न काढता खुर्चीत बसली.

ढब्बी म्हणजे माझी भाची. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून हे नाव पडलं. आता अंगावर मूठभर मांस नाही, पण नाव काही सुटलं नाही. माझ्याच घरात वाढली, शिकली आणि भूलतज्ज्ञ झाली. मी ज्या हॉस्पिटलात वीस वर्षं मेट्रन होते, तिथेच ती भूल देते. सहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले, पण अजून मी फाटकातून आत शिरले की वॉर्डबॉय शर्टाची बटणं लावतात. उगाच नम्रपणा कशाला करू? ती माझी कमाई आहे.

पत्र वाचलं. 'शनिवारी दुपारी झालेल्या सिझेरियनमध्ये बाळ बाहेर आल्यानंतर भूलतज्ज्ञांनी भुलीच्या वाफेचे प्रमाण वेळेत कमी केले नाही. त्यामुळे गर्भाशय सैल राहून गंभीर रक्तस्राव झाला. चौकशी समिती मंगळवारी सकाळी अकरा वाजता.' खाली मोठ्या डॉक्टरांची सही. मोठे डॉक्टर म्हणजे त्या दिवशीचे सर्जन.

"दोषी ठरवलं तर?" मी विचारलं.

"भूल देण्याची परवानगी काढून घेतील. मग मी आहेच कोण, आत्या?"

सोमवारची सकाळ होती. माझ्याकडे जेमतेम एक दिवस होता.

"रडायचं नंतर," मी म्हटलं. "आधी सगळं सांग. मी काही डॉक्टर नाही, पण गर्भपिशवी म्हणजे काय ते मला शिकवू नकोस."

तिने सांगितलं. पहिलटकरीण, दिवस भरलेले, कळा जोरात, बाळ पायाळू. बाईच्या पाठीच्या कण्यात जुन्या अपघाताची धातूची पट्टी, त्यामुळे पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर करणं शक्य नव्हतं. पूर्ण भूल द्यावी लागली. बाळाचे ठोके शेवटपर्यंत उत्तम होते. भूल दिल्यावर सहा मिनिटांत बाळ बाहेर. ढब्बीने लगेच वाफेचा डायल दीड टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आणला, पिशवी आवळण्याचं इंजेक्शन दिलं. पण पिशवी आवळलीच नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गर्भाशय हा एक स्नायू. बाळ आणि वार बाहेर पडली की त्याने मूठ आवळावी तसं आवळायचं असतं, म्हणजे रक्ताच्या उघड्या वाटा चेपल्या जातात. भुलीची वाफ माणसाला झोपवते, पण सोबत या स्नायूलाही ढिला करते. थोडी वाफ असली तर इंजेक्शन तिच्यावर मात करतं. वाफ फार झाली की इंजेक्शनचं काही चालत नाही, आणि पिशवी ओल्या फडक्यासारखी पडून राहते.

"मग तू काय केलंस?"

"दुसरं इंजेक्शन दिलं, तरी काही नाही. मोठे डॉक्टर पिशवी दोन्ही हातांनी दाबून धरून होते. माझ्या मनात आलं, हे वाफेसारखंच वागतंय. डायल अर्ध्यावर होता, तरी तो पूर्ण बंद केला, शिरेतून भूल चालू ठेवली आणि तिसरं इंजेक्शन दिलं. दहा-बारा मिनिटांत पिशवी दगडासारखी घट्ट. चार बाटल्या रक्त द्यावं लागलं, पण बाई वाचली, पिशवी वाचली, बाळही वाचलं."

माझा ऊर भरून आला. डायल खाली असताना वाफेवर संशय घेणं, आणि तेही समोर रक्त वाहत असताना, हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. पण तसं बोलून दाखवलं असतं तर पोरगी तिथेच कोसळली असती.

"आणि बाळ कसं होतं?"

"निपचित. रडलं नाही. दोन मिनिटं मास्कने श्वास द्यावा लागला."

मी पदर खोचला आणि चपला घातल्या. ठोके उत्तम असलेलं बाळ सहा मिनिटांत निपचित कसं झालं, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

२

मोठे डॉक्टर त्यांच्या खोलीत पेन शोधत होते. पेन खिशालाच होतं.

"मेट्रनबाई, भाचीची वकिली करायला आलात?"

"वकिली करायला कोट लागतो, तो माझ्याकडे नाही. मी विचारायला आले. तुम्ही डायल स्वतः पाहिलात?"

"म्हणजे काय! बाळ हातात आलं, नर्सला दिलं आणि मान वर केली. डायल दीडवर. स्पष्ट आठवतंय."

"आणि पिशवी?"

"तेव्हाच सैल. हाताला कळतं हो, तीस वर्षं कापतोय."

"पायाळू बाळ होतं म्हणे. डोकं अडकलं असेल?"

त्यांचा चेहरा खुलला. कोणालाही त्याच्या कारागिरीबद्दल विचारावं, तो हातचं राखून ठेवत नाही.

"तेच तर! एरवी पिशवी डोक्याला धरून बसते, घाम फुटतो. या वेळी अलगद आलं, काही जोरच लावावा लागला नाही. सगळे बघत राहिले."

"हात चांगला आहे तुमचा," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. "चिरा देण्याआधी बाईचं प्रेशर कसं होतं?"

"पडलं होतं थोडं. तुमच्या भाचीने सावरलं. पण बाई, मला तिच्याशी काही वैर नाही. एका बाईचा जीव जाता जाता राहिला. कारण शोधायला नको?"

"हवंच," मी म्हटलं. "म्हणून तर आले."

दारापर्यंत पोचले आणि पाय थबकले. या माणसाने आत्ता मला काहीतरी फार मोलाचं दिलं होतं. त्याचं त्यालाच कळलं नव्हतं, आणि माझ्याही अजून नीट ध्यानात येत नव्हतं.

३

औषधांच्या खिडकीवर फार्मासिस्ट घामाघूम होऊन बसला होता. इंजेक्शन फ्रिजबाहेर राहून खराब झालं असेल, अशी कुजबुज त्याच्या कानावर गेली होती.

"बाई, शपथ घेऊन सांगतो, फ्रिज एक मिनिट बंद नव्हता."

"त्या दिवशीच्या ट्रेमधली इंजेक्शनं एकाच खोक्यातली होती?"

"एकाच. तिसरं इंजेक्शन त्याच ट्रेमधलं, आणि त्यानेच शेवटी पिशवी आवळली."

"मग घाम पूस," मी म्हटलं. "खोकं खराब असतं तर तिसऱ्यानेही दगा दिला असता."

वारही पूर्ण निघाली होती, हे मी नर्सच्या नोंदीत पाहिलं. म्हणजे औषध चांगलं, वार पूर्ण, सर्जनचा हात पक्का. राहिली ती वाफ.

थिएटर रिकामं होतं. कोपऱ्यात मावशी ट्रॉली पुसत होत्या. या मावशी बावीस वर्षं थिएटरची सफाई बघतात. मला पाहिल्याबरोबर त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि ताठ उभ्या राहिल्या.

"बसा हो, मी आता कोण लागून गेले?"

"तुम्ही आमच्या बाई," त्या म्हणाल्या, आणि मला बरं वाटलं हे मी नाकबूल करणार नाही.

भुलीच्या मशीनवर वाफेचा डबा बसवलेला होता. असतो साधारण पाण्याच्या तांब्याएवढा, पण वजनाने चांगला दणदणीत. वर डायल, आत भुलीचं द्रव औषध. खटका सोडला की डबा उचलून बाजूला काढता येतो. सवयीने मी त्याच्या बुडाखाली बोट फिरवलं. बोट स्वच्छ. सहा वर्षांनंतरही माझी शिस्त अशी लखलखत होती, की मी मावशींच्या पाठीवर थाप मारली.

"आठवड्याची मोठी सफाई अजून शनिवारीच का?"

"हो. या शनिवारी दोनला ऑपरेशनं संपली, अडीचला सगळं पुसून झालं. तीनला ती बाई आली."

मशीनची देखभाल करणारे टेक्निशियन तिथेच भेटले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"रविवारी सकाळी मला मुद्दाम बोलावून तपासायला लावलं. डायल दीडवर ठेवला की वाफ दीड, अर्ध्यावर ठेवला की अर्धी. एक कणाचा फरक नाही. मशीन माझं निर्दोष आहे, बाई."

"शनिवारी नळीतली वाफ मोजणारा मॉनिटर का नव्हता?"

"आठवडाभर दुरुस्तीला गेलाय."

मशीन निर्दोष, औषध निर्दोष, सर्जन निर्दोष. उरली फक्त माझी ढब्बी, आणि अकरा वाजायला वीस तासही उरले नव्हते.

४

संध्याकाळी ढब्बी आणि मी स्वयंपाकघरात बसलो होतो. तिने चहा केला होता आणि साखर घालायची विसरली होती. मी तो तसाच प्यायले.

"आता नीट ऐक," मी म्हटलं. "त्यांचं म्हणणं, बाळ आल्यानंतर तू वाफ कमी केली नाहीस. बरोबर?"

"हो."

"मग बाईचं प्रेशर चिरा देण्याआधीच का पडलं? बाळ निपचित का निघालं? आणि पायाळू बाळाचं डोकं, जे पिशवी धरून बसते, ते अलगद का आलं?"

ढब्बीने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "पिशवी आधीपासूनच सैल होती."

"आणि बाळाच्या अंगातही वाफ उतरली होती. जे बिघडलं ते बाळ येण्याआधी बिघडलं. नंतर उशीर झाल्याने आधीचं कसं बिघडेल?"

"पण ते म्हणतील, मी सुरुवातीपासूनच डायल जास्त ठेवला होता."

"म्हणू देत. डायल दीडवर होता हे कोणी पाहिलं? खुद्द मोठ्या डॉक्टरांनी, बाळ हातात आलं त्या क्षणी. दीड म्हणजे तुमचा नेहमीचा आकडा ना?"

"नेहमीचा. दीडवर इतकं होत नाही."

"झालं तर. ज्याने तुझ्यावर आरोप केला, त्याच्याच साक्षीने तू सुटलीस."

तिच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी रंग आला. पण लगेच तिच्या कपाळाला आठी पडली. ती माझीच भाची, अर्धं उत्तर तिच्या घशाखाली उतरत नाही.

"म्हणजे डायल दीड दाखवत होता आणि डबा त्याहून कितीतरी जास्त देत होता. पण रविवारी तोच डबा बरोबर निघाला. आत्या, असं कुठलं यंत्र आहे, जे बिघडतं आणि आपोआप दुरुस्त होतं?"

मला ठाऊक नव्हतं. मी टेक्निशियनना फोन लावला आणि तिचा प्रश्न शब्दशः विचारला.

"बाई, एकच गोष्ट आहे," ते म्हणाले. "डबा नेहमी उभा ठेवावा लागतो, काठोकाठ भरलेल्या दुधाच्या भांड्यासारखा. आत दोन वाटा असतात. एका वाटेने गॅस औषधावरून जातो, दुसरीने कोरडाच निघून जातो. डायल या दोघांचं प्रमाण ठरवतो. पण डबा आडवा केला, की द्रव औषध कोरड्या वाटेत शिरतं. मग परत उभा केला तरी डायल कुठल्याही आकड्यावर असो, वाफ भरमसाट येते, पूर्ण बंद केला तरच थांबते. गॅस वाहत राहिला की ते औषध हळूहळू उडून जातं आणि डबा पुन्हा शहाण्यासारखा वागतो. आमचा डबा जुन्या पद्धतीचा आहे, नव्यांत ही भीती कमी."

"मग आधी कधी असं कसं झालं नाही?"

"सोमवारी सकाळी मी अर्धा तास गॅस सोडून मशीन तपासतो. मधे काही झालं असलं तरी निघून जात असेल. आणि शनिवार-रविवारच्या सिझेरियनला पाठीतलं इंजेक्शनच देतात, डबा कोणी चालूच करत नाही. पण बाई, डबा आडवा करेल कोण? कशासाठी?"

मी फोन ठेवला. ढब्बी काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं. दुपारी ज्या बोटाला धूळ लागली नाही, त्या बोटाकडे मी बघत होते. डबा उभा असताना त्याचा तळ इतका स्वच्छ पुसता येत नाही.

५

मावशींचं घर हॉस्पिटलमागच्या क्वार्टर्समध्ये. मी दारातच विचारलं, "शनिवारी वाफेचा डबा कसा पुसला?"

"नेहमीसारखा. खटका सोडला, खाली काढला, टेबलावर आडवा घातला, तळ पुसला, परत बसवला." त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तुम्हीच नाही का शिकवलंत? तळ पुसला नाही तर पुसलंच नाही. पहिल्या आठवड्यात मी मशीनचा तळ तसाच ठेवला, तेव्हा तुम्ही चारचौघांत मला परत पुसायला लावलं होतं."

आठवलं. तेव्हा थिएटरमध्ये वेगळं मशीन होतं, त्याचा डबा जागेवरच घट्ट बसवलेला असे आणि आडवा होण्याचा प्रश्नच नव्हता. नंतर हे मशीन आलं. माझा नियम तोच राहिला. कोणी विचारलं नाही, कारण मला विचारण्याची कोणाची छाती नव्हती. त्याचाही मला अभिमानच वाटायचा.

"काही चुकलं का बाई?" मावशींचा आवाज बारीक झाला.

खोटं कशाला सांगू, एक क्षण मनात आलं: डबा आडवा झाला एवढंच समितीला सांगावं. कोणी केला ते त्यांनी शोधावं. ढब्बी सुटेल आणि माझं नावही राहील. पण शोध घेत घेत ते कोणाच्या दारात येऊन थांबतील, हे मला पुरतं ठाऊक होतं. बावीस वर्षं जिने माझा शब्द खाली पडू दिला नाही, तिच्या दारात.

"तुमचं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "उद्या अकराला माझ्यासोबत चला."

६

समितीत तिघे होते, आणि समोर मोठे डॉक्टर. ढब्बी भिंतीजवळ बसली होती. मी उभी राहूनच बोलले, मला बसून बोलायची सवय नाही.

आधी प्रेशर, मग बाळ, मग डोकं, असं एकेक मांडलं. डायलची साक्ष आली तेव्हा अध्यक्षांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं.

"बाळ आलं त्या क्षणी डायल दीडवर होता, हे नक्की?"

"नक्की," ते म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे आधीच ढिली होती. मी डोकं अलगद काढलं म्हणून... ते माझं कौशल्य नव्हतंच."

"थोडं होतं," मी म्हटलं. माणसाला अगदीच उघडं पाडू नये.

टेक्निशियननी दोन वाटा कागदावर काढून दाखवल्या. अध्यक्षांनी विचारलं, "डबा आडवा कोणी केला?"

दाराजवळ मावशी उठून उभ्या राहिल्या. "मी केला, साहेब."

"मावशी, बसा," मी म्हटलं. वीस वर्षांत हजारदा दिलेला हुकूम, त्या बसल्या. "हात त्यांचे होते, हुकूम माझा होता. मशीन बदललं, मी नियम बदलला नाही. बदलायला हवा का, हे मी एकदाही कोणाला विचारलं नाही."

अध्यक्ष माझ्याच काळातले होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही निवृत्त आहात. 'सफाईची जुनी पद्धत' एवढंच लिहू. तुमचं नाव कशाला?"

"कारण जुन्या पद्धतीला पगार नसतो, मावशींना असतो. मोघम लिहिलंत तर वर्षभरात कोणीतरी दोष मावशींच्या माथी मारेल. लिहा, मेट्रनचा आदेश. मी सही करते."

सही केली. मग अध्यक्षांनी ढब्बीच्या पत्रावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं की अर्ध्यावरचा डायल पूर्ण बंद करण्याच्या निर्णयामुळेच रुग्ण वाचली. ते वाक्य मी तीनदा वाचलं. मोठे डॉक्टर उठले, ढब्बीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, मी सही करण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

ढब्बी तिथे रडली नाही. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मी तिला रडू दिलं. इतकी वर्षं लोक तिला मेट्रनबाईंची भाची म्हणत आले. त्या दिवशी व्हरांड्यात एक शिकाऊ नर्स दुसरीला सांगत होती, "त्या बघ, भुलीच्या डॉक्टर. त्यांच्यासोबत उभ्या आहेत ना, त्या त्यांच्या आत्या." मला इतका आनंद झाला की मी डोळे पुसायचेही विसरले.

७

"एक काम राहिलंय," दोन दिवसांनी ढब्बी म्हणाली. "नवा नियम सगळ्यांना सांगायचाय. मी सांगितला तर ऐकतील, पण तुझा जुना नियम त्यांच्या हाडांत मुरलाय. तो तुलाच काढावा लागेल."

म्हणून मी पुन्हा एकदा थिएटरच्या बाहेरच्या दालनात उभी राहिले. नर्सेस, वॉर्डबॉय, सफाईवाल्या, सगळे रांगेत. पुढे मावशी. मी डबा उभाच्या उभा कसा धरायचा ते दाखवलं. आडवा झालाच तर लाल चिठ्ठी लावून टेक्निशियनना बोलवायचं, तोवर तो कोणी वापरायचा नाही, हे सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. पण माना तर ते माझ्यापुढे नेहमीच हलवत आले होते.

"आणि आणखी एक," मी म्हटलं. "यापुढे मी काही सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, कोणीही सांगितलं, तरी कशासाठी ते विचारायचं. कारण मी चुकले होते."

मावशींनी शेजारणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा विश्वासच बसेना.

"बाई, तुम्ही?" त्या म्हणाल्या. "तुम्ही चुकलात?"

मागच्या रांगेत कोणीतरी मान उंच केली. तिथपर्यंत पोचलं नसावं. म्हणून मी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्या आवाजात.